तिची काही हरकत नाही

१

शनिवारी सकाळी यूनीस अडोनिस जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली की घरातलं कोणी तिच्या वाटेला जात नसे. स्वयंपाकघरात किटली शिट्या मारो, मागच्या अंगणात नवऱ्याचं ड्रिल मशीन घरघरो, बाईंचं लक्ष एकाच ठिकाणी असायचं. एक हात चहात रस्क बुडवायचा आणि दुसरा गटातल्या लोकांना वळण लावायचा.

गटाचं नाव होतं 'मागची माणसं'. केप टाऊन आणि आसपासच्या जुन्या घराण्यांतली मंडळी आपापल्या पणज्या-खापरपणज्या शोधायला तिथे जमायची. निम्मी इथलीच, निम्मी पर्थला नाहीतर टोरांटोला जाऊन स्थायिक झालेली आणि तिकडच्या थंडीत एकदम आजोळ आठवलेली. त्या दिवशी पर्थच्या एका गृहस्थानं लिहिलं होतं, 'पीटरसन घराण्याची सगळी माहिती हवी. लवकर.' यूनीसनं बाह्या सरसावल्या. तिनं उत्तर दिलं, "नमस्कार. आपल्याकडे आधी 'कृपया' म्हणतात. मग आपण कोण ते सांगतात. मग आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगून काय हवंय ते विचारतात. पणजोबा म्हणजे काही पिझ्झा नव्हे." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला आणि तिचा चहा आणखी गोड झाला.

नियम तिनेच लिहिले होते. जिवंत माणसाचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही. दुसऱ्यानं उन्हातान्हात फिरून जमवलेली माहिती न विचारता उचलायची नाही. उत्तर मिळालं की प्रश्न पुसून टाकायचा नाही, आभार मानायचे. आणि कोणी आभार मानले तर ते तसेच लोंबकळत ठेवायचे नाहीत, त्यांनाही उत्तर द्यायचं. सगळ्यांत कडक नियम बेवारस फोटोंचा होता. कोणाच्या जुन्या फ्रेममागे, जुन्या बाजारातल्या एखाद्या डब्यात असले फोटो सापडायचे आणि लोक विचारायचे, ही माणसं कोणाची? तिथे पुराव्याशिवाय 'माझी' असं लिहायला सक्त मनाई होती. फोटो कुठून आला, कोणी दिला, घरातलं दुसरं कोण ओळखतं, हे सांगता आलं पाहिजे. आणि चुकून 'माझी' म्हटलंच, तर त्याच जागी, सर्वांसमोर शब्द मागे घ्यायचा.

"आज कितीजणांना बाकावर उभं केलंस?" आत येऊन हात धुता धुता नेव्हिलनं विचारलं. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस बायकोची थट्टा करायला आता पूर्णवेळ मोकळा होता.

"एकालाच," यूनीस म्हणाली. "अजून सकाळ आहे."

आणि मग तिला तो फोटो दिसला.

२

टाकणारी व्यक्ती गटात नवी होती. नाव फक्त एल. फोर्टेन, चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. पण लिहिणं असं की यूनीसचं मन तिथेच प्रसन्न झालं. आधी नमस्कार होता, मग कृपया होतं. फोटो सायमन्स टाऊनमधला, जुना, कोणाकडून आला ते आता सांगता येत नाही, याबद्दल क्षमा मागितली होती. शेवटी लिहिलं होतं, 'कृपया कोणी हिला ओळखतं का? कोणाचीही असली तरी चालेल. तिची काही हरकत नाही.'

हे शेवटचं वाक्य यूनीसला जरा विचित्र वाटलं. पण लोक भावनेच्या भरात काहीही लिहितात, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं आणि फोटो मोठा करून पाहिला.

चढावरच्या घराचा ओटा होता. ओट्यावर एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीमागे एक बाई उभी. मनगटापर्यंत बारीक बटणं लावलेल्या बाह्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. चेहरा अगदी स्वच्छ आला होता. ओट्याच्या खाली दगडी पायऱ्या, आणि सर्वांत खालच्या पायरीचा कोपरा तुटलेला.

तुटक्या पायरीच्या या घराबद्दल यूनीसनं जन्मभर ऐकलं होतं.

तिची आई मॅग्डालीन त्याच गावची. काळ्या-सावळ्या माणसांनी तिथे राहायचं नाही असं सरकारनं ठरवलं तेव्हा सगळ्यांना उठवून डोंगरापलीकडे नेऊन टाकलं, आणि त्या धांदलीत घरच्या फोटोंची ट्रंक कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. तेव्हापासून मम्माकडे आपल्या आईचा, योहानाचा, एकही फोटो नव्हता. यूनीसनं आपल्या या ओमाला, म्हणजे आजीला, कधी पाहिलंच नव्हतं. पण ऐकून ऐकून ती घरातलीच झाली होती. ओमा आरमारातल्या अधिकाऱ्यांचे पांढरे कपडे धुवायची. ओमा हसायला लागली की खाली धक्क्यावरचे खलाशी मान वर करून बघायचे. ओमा मुलांबरोबर त्या तुटक्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसायची आणि स्नूक माशाचे काटे आपल्या बोटांनी काढून एकेकाच्या तोंडात घास घालायची. सगळं सांगून झालं की मम्मा म्हणायची, "हसणं आठवतं गं. चेहरा मात्र गेला."

पुढच्या रविवारी मम्माला पंच्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. यूनीसला तिच्या हातात तो चेहरा ठेवायचा होता. दुसरं काहीही भेट म्हणून द्यायचं तिच्या मनातच नव्हतं.

पुरावा काय होता? एक पायरी. त्या चढावर तशा पायऱ्या कितीतरी घरांना असतील. दुसरं कोणी हेच केलं असतं तर यूनीसनं त्याला सोलून काढलं असतं. हे तिला कळत होतं, आणि कळत असतानाच तिची बोटं चालली. 'ही माझी ओमा, योहाना. खात्री आहे.'

उत्तर लगेच आलं, जणू पलीकडे कोणी तिच्या त्या शब्दांसाठीच बसलं होतं.

'धन्यवाद. आता तिची सोय झाली.'

३

घरात मग नुसता सण झाला. नेव्हिलनं कोपऱ्यावरच्या दुकानातून फोटो छापून आणला आणि फ्रेममधल्या स्वतःच्याच रग्बी संघाला बेदखल करून तिथे ओमाला बसवलं. गटात अभिनंदनाची रांग लागली. सगळ्यांत आधी धावून आली ती ब्यूला आरेन्स.

ही ब्यूला पार्ल गावात राहायची आणि गटातल्या सगळ्यांची लाडकी होती. नव्वदीचे वडील सांभाळून ती लोकांसाठी कबरस्तानं पालथी घालायची. नेव्हिलच्या आजोबांची कबर तिनेच शोधली होती. फोटो काढण्याआधी पाला झाडून, मूठभर फुलं ठेवून, 'त्यांना तुमचा नमस्कार सांगितला' असं कळवलं होतं. तिचे वडील तान्हे असतानाच त्यांची आई गेली होती आणि त्या आईचा फोटो ब्यूला कितीतरी वर्षं शोधत होती. नियम मोडणं तिला माहीतच नव्हतं. तिनं लिहिलं, 'यूनीस, मला इतका आनंद झालाय की मी स्वयंपाकघरात उभी राहून रडतेय. एक दिवस माझीही पाळी येईल.'

वाढदिवसापर्यंत थांबायचं असं यूनीसनं ठरवलं होतं, पण तिला दुपारपर्यंतही दम निघाला नाही. मागच्या खोलीत जाऊन तिनं फ्रेम आईच्या मांडीवर ठेवली. मम्मानं चष्मा पुसला, फ्रेम खिडकीकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही उभी का आहे?" तिनं विचारलं.

"फोटोसाठी उभी राहिली असेल. मम्मा, ओळखलंस का?"

मम्माचं बोट तुटक्या पायरीवर थांबलं, मग वर सरकत बाईच्या चेहऱ्यापर्यंत गेलं. "पायरी आपलीच आहे," ती हळूच म्हणाली. तिनं फ्रेम पुन्हा उजेडाकडे धरली. "तू म्हणतेस तर असेल. असाच असेल चेहरा." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. यूनीसनं तिला मिठी मारली. आपल्या हातून आयुष्यात एक तरी पुरं काम झालं असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

फ्रेम जेवणाच्या खोलीत, काचेच्या कपाटावर ठेवली. मम्माची खुर्ची त्याच्या समोरच होती.

४

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर पिवळा भात आणि भाजलेली कोंबडी होती. नेव्हिल म्हणाला, "मम्मा, ते माशाच्या काट्यांचं सांगा ना. आता ओमाबाईही ऐकताहेत."

"कसले काटे?" मम्मानं विचारलं.

"ओमा पायरीवर बसून तुम्हाला भरवायची ते."

"ती? छे." मम्मानं मान हलवली. "ती कधी बसायचीच नाही. आम्ही जेवायला बसलो की ती खुर्चीमागे उभी राहायची. जेवण होईपर्यंत उभी."

यूनीसनं नवऱ्याकडे पाहिलं. नेव्हिलनं खांदे उडवले. वय झालंय, डॉक्टरांनी सांगितलंच होतं की जुन्या गोष्टींची सरमिसळ होईल. फोटोत बाई उभी दिसली, म्हणून आठवणीतही उभी राहिली. यूनीसला हे पटलं. तिला पटवून घ्यायचं होतं.

पण सोमवारी तिनं मुद्दाम ओमाच्या हसण्याचा विषय काढला तेव्हा मम्मा गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "हसायची? नाही गं. आमच्या घरात कोणी मोठ्यानं हसत नसे." मंगळवारी धुण्याची साबणपूड, निळीचा वास, पांढऱ्या गणवेशांच्या दोऱ्या, सगळं गेलं. प्रत्येक वेळी एक गोष्ट गेली आणि तिच्या जागी तीच उभी बाई आली. मम्माला तिचा चेहरा आता खडान्खडा आठवत होता. कपाळावरची शीर कुठे होती तेही ती सांगायची, आणि फोटोत तर ती शीर नव्हती.

त्याच सुमारास खुर्ची वाजायला लागली. जुनी लाकडी खुर्ची होती, तिच्या पाठीला जोर देऊन कोणी उभं राहिलं की ती बारीक करकरायची. नेव्हिल तसा उभा राहून पेपर वाचायचा, म्हणून घरात सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता. शाळेच्या कचेरीतून परतलेली यूनीस बेसिनपाशी बटाटे सोलत असायची आणि जेवणाच्या खोलीतून तो आवाज यायचा. नेव्हिल तर अंगणात असायचा. आग्नेयेकडचा वारा सुटलाय, घराचे सांधे कुरकुरतात, असं ती स्वतःला सांगायची. एकदा तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

मम्मा आता खुर्चीत टेकून बसत नव्हती. पुढच्या कडेवर, पाठ ताठ, हात मांडीवर.

"मम्मा, मागे टेक ना. पाठ दुखेल."

"टेकलं की तिचा हात लागतो," मम्मा म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. चप्पल ओली आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

यूनीस पुढे झाली आणि खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवला. लाकूड नेहमीसारखं गार होतं, फक्त एका जागी गार नव्हतं.

५

गुरुवारी डब्याच्या सुट्टीत, कचेरीचं दार लावून, तिनं एल. फोर्टेनना खासगीत लिहिलं. नमस्कार, कृपया, सगळं रीतसर. हा फोटो तुमच्याकडे कसा आला ते सांगाल का?

उत्तर यायला वेळ लागला नाही. 'नमस्कार. ती आमच्याकडेच होती. मीही एकदा तुमच्यासारखंच लिहिलं होतं. गेल्या महिन्यात माझी आई गेली. मग या बाईला उभं राहायला कोणाची खुर्ची उरली नाही. तुम्ही घेतलीत, तुमचे आभार.'

यूनीसनं ते पुन्हा वाचलं. कोणीतरी माथेफिरू, असं तिची बुद्धी म्हणत होती. अशा लोकांना गटातून काढायला तिला एक बटण दाबावं लागायचं. पण तिच्या तळव्याला ती लाकडावरची ऊब अजून आठवत होती. तिनं विचारलं, 'तुमच्या आईला शेवटी स्वतःची आई आठवत होती का?'

'हीच आठवत होती,' असं उत्तर आलं.

काय करायचं ते तिच्याच नियमात लिहिलेलं होतं. त्याच जागी, सर्वांसमोर, शब्द मागे घ्यायचा. तिनं लिहायला घेतलं, 'माझी चूक झाली, ही माझी नाही,' आणि थांबली. वर पर्थच्या त्या पीटरसनचं वाक्य होतं. 'यूनीसबाई, तुमचं अभिनंदन. पुरावा कसा जुळवला ते शिकायला आवडेल, कृपया.' बिचारा खरोखर कृपया म्हणायला शिकला होता. ज्यांना ज्यांना तिनं बाकावर उभं केलं होतं ते सगळे आता तिच्याकडे बघणार होते. तिनं अक्षरं पुसली. शुक्रवारी पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. मम्माला चेहरा मिळाल्याचा आनंद होताच ना, तो कसा काढून घ्यायचा, असंही तिनं स्वतःला बजावलं. त्या संध्याकाळी तिनं फ्रेम कपाटावरून काढून फोटो फाडला आणि कचऱ्यात टाकला. जेवणाच्या खोलीत खुर्ची करकरतच राहिली.

६

रविवारी घर भरलं. नेव्हिलची बहीण ट्रायफल घेऊन आली, शेजारच्यांनी पाकात घोळवलेले कोईसिस्टर पाठवले, टेबलावर हात ठेवायला जागा नव्हती. मम्माला तिच्या खुर्चीसकट टेबलाच्या टोकाशी, कपाटाकडे पाठ करून बसवलं, गळ्यात कागदी फुलांची माळ घातली. ती खुर्चीच्या कडेवर ताठ बसून सगळ्यांकडे सभ्यपणे हसत होती, एखाद्या अनोळखी घरी जेवायला आल्यासारखी.

"आई कशी होती तुमची?" शेजारणीनं प्रेमानं विचारलं.

"मागे आहे," मम्मा म्हणाली. "तिलाच विचारा."

सगळे हसले. यूनीस नाही हसली, कारण त्याच वेळी भाताचं भांडं ठेवता ठेवता तिची नजर काचेच्या कपाटाकडे गेली होती. काचेत टेबल दिसत होतं, माणसं दिसत होती, मम्माची पाठ दिसत होती. मम्माच्या मागे कपाटाची लाकडी चौकट आडवी येत होती, त्यामुळे वरचं काही दिसत नव्हतं. चौकटीच्या खाली एक बाही होती. मनगटापर्यंत बारीक बटणं. तो हात खुर्चीच्या पाठीवर नव्हता. तो मम्माच्या खांद्यावर होता.

यूनीसनं वळून खुर्चीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. पुन्हा काचेत पाहिलं. होतं.

मान-अपमानाचं भूत त्याच क्षणी उतरलं. टेबलाखाली फोन धरून तिनं एका दमात लिहिलं. 'माझी चूक झाली. ही बाई माझी नाही. पुरावा नसताना मी खोटं बोलले. सर्वांची क्षमा मागते.' आणि पाठवून टाकलं.

काचेत तो हात उचलला गेला. खांद्यापासून वीतभर वर जाऊन हवेत थांबला.

मम्मानं एक लांब श्वास घेतला आणि पाठ मागे टेकवली. तिनं टेबलाभोवती पाहिलं, जणू आत्ता कुठे आली होती. "हा स्नूक कोणी केलाय?" तिनं विचारलं. "नेव्हिल, काटे नीट बघून खा. आमची आई कशी काढायची ठाऊक आहे? पायरीवर बसून. एकदा तिच्या स्वतःच्याच घशात काटा अडकला, आणि ती इतकी हसली, इतकी हसली की काटा निघाला आणि खालून एक खलाशी ओरडला, बाई, आम्हालाही सांगा काय झालं." आणि मम्मा स्वतःच हसायला लागली. मोठ्यानं, मान मागे टाकून. यूनीसनं ते हसणं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं.

तिच्या हातात फोन थरथरला. ब्यूला होती.

'यूनीस, तुझ्या मनाचा मोठेपणा बघून भरून आलं. विचारू की नको असं होतंय, पण विचारते. आमच्या बाबांचा जन्मही त्याच चढावरचा. पायऱ्या अशाच होत्या म्हणतात. पुरावा माझ्याकडे काहीच नाही. बाबांना एकदा तरी आईचा चेहरा दाखवावा असं फार वाटतं. आता ही कोणाचीच नसेल तर मी म्हणू का, माझी? तू सांगशील तसंच करीन.'

फोटो कुठून आला, कोणी दिला, घरातलं दुसरं कोण ओळखतं. तीन प्रश्न विचारायचे होते, बस. यूनीसनं ते आजवर शेकडो लोकांना विचारले होते. 'ब्यूला, नको,' एवढं लिहिलं तरी पुरलं असतं.

ती वर बघत होती. काचेतला हात हवेत तसाच होता, बोटं किंचित पसरलेली. तो कुठेही जात नव्हता. आणि मग, कोणी उत्तर देत नाही असं पाहून, तो सावकाश खाली यायला लागला.

मम्माचं हसणं मध्येच थांबलं. "मी काय सांगत होते?" तिनं विचारलं. ती खुर्चीच्या कडेकडे सरकली.

यूनीसनं लिहिलं, 'घे.'

गटात ब्यूलाचा शब्द उमटला, 'माझी.' त्याच्या खाली लगोलग एल. फोर्टेन यांचं 'धन्यवाद' आलं. काचेत आता फक्त मम्माची पाठ होती, खुर्चीला नीट टेकलेली.

"माशाचं," यूनीस म्हणाली. "मम्मा, तू माशाचं सांगत होतीस."

७

सोमवारी डब्याच्या सुट्टीत तिनं गट उघडला.

ब्यूलानं आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला होता. जिवंत माणसाचा फोटो टाकला होता, आनंदाच्या भरात. पार्लमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात म्हातारे आरेन्स बसले होते, मांडीवर नवी फ्रेम. कोट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले, गालांवर ओघळ. ते खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर बसले होते, पाठ ताठ.

'बाबा सकाळपासून बोलताहेत,' ब्यूलानं लिहिलं होतं. 'आपल्या आईचं त्यांना काहीच आठवत नव्हतं, आणि आता सगळं आठवतंय. म्हणतात, ती जेवायला कधी बसायचीच नाही, मागे उभी राहायची. यूनीस, तुझे आभार कसे मानू?'

त्याखाली बाकीच्यांच्या अभिनंदनाची रांग लागली होती. पीटरसननंही कृपया आणि धन्यवाद दोन्ही लिहिलं होतं. आता सगळे यूनीसच्या उत्तराची वाट बघत होते, कारण आभार लोंबकळत ठेवायचे नाहीत हा नियम तिचाच होता.

सकाळी निघताना मम्मा बेसिनपाशी उभी राहून निळीच्या वासाचं काहीतरी सांगत होती आणि नेव्हिल खो खो हसत होता. यूनीसनं ते हसणं आठवलं, आणि मग लिहिलं.

'आभार कसले, ब्यूला. आपल्या गटात एकमेकांसाठी एवढं करायचंच असतं.'